दाराआडचे अठरा इंच

सोमवार, ३ नोव्हेंबर

चौदा खोकी! आणि स्वयंपाकघर आठ बाय सहा.

फोनवर मावशी म्हणाली होती, "ये पोरी, जागा आहे." कुठे आहे? कपाटं गच्च. ओट्यावर एक ताट मावेल एवढीच पट्टी मोकळी. माझी खोकी बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलीत, वर चादर टाकून. तीन दिवस झाले. मावशीला दिसत नाही, पण चादरीवरून हात फिरवून म्हणाली, "केवढा संसार आणलास गं!"

संसार नाही मावशी, नुसती भांडी. संसार तिकडेच राहिला. — हे बोलले नाही. ती विचारत नाही, मी सांगत नाही. बरं चाललंय.

महिनाअखेरपर्यंत रजा आहे. तेवढ्यात दोन बायकांची भांडी एका स्वयंपाकघरात बसवायची. सोळा वर्षं औषधांच्या गोदामात माल लावतेय. जड खाली, हलकं वर, जुनं पुढे, नवं मागे. यात काय एवढं!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मोजणी केली. झाकणं त्रेचाळीस. त्या झाकणांचे डबे एकोणीस. उरलेले चोवीस डबे कुठे गेले, देव जाणे.

दोघींचे मिळून कुकर तीन, मिक्सर दोन, किसण्या पाच. गोल डबे सगळ्यात वाईट — दोन गोल डब्यांच्या मध्ये नुसती हवा साठवायची. माझे चौकोनी डबे ठेवायचे, तिचे गोल काढायचे. इथे मावशी अडली.

"माझे हात गोल डब्याला ओळखतात."

तेही खरंच. तिचं सगळं हातावर चालतं. बारा वर्षांपूर्वी काचबिंदूने डोळे गेले, तेव्हापासून या आठ बाय सहात ती भांडं न पाडता वावरते. मीठ डावीकडे तिसरं, साखर त्याच्या मागे. मी एक बरणी चार बोटं सरकवली तर चहात मीठ! (पडलं. आज सकाळीच. दोघींनी तोंड वाकडं करून प्यायला आणि मग हसत सुटलो.)

तोडगा निघाला — झाकणांना बटणं चिकटवायची. शर्टाचं बटण साखर, कोटाचं मोठं बटण पीठ, दोन भोकांचं मीठ, चार भोकांचं सोडा. डाळींच्या बरण्यांना रबरबँड, एक, दोन, तीन. मावशी खूश. "एक्स्चेंजच्या बोर्डावर असंच होतं. खुणेवर सगळं." तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती ती. म्हणते, माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो, त्यातच कळतं कोण ते.

गंमत अशी की मी या मावशीला धड ओळखतही नाही. आई होती तोवर बहिणी-बहिणींचं बोलणंच नव्हतं. लग्नात आली होती, मागच्या रांगेत बसून गेली. आणि आता मी घर सोडल्याचं कुठून तरी कानावर गेलं, तर सगळ्या गोतावळ्यात फोन आला तो हिचा एकटीचा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज घबाड सापडलं!

स्वयंपाकघराचं दार आत उघडतं. त्याच्या मागे, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक कोपरा आहे. मोजला. रुंदी अठरा इंच, खोली दोन फूट, उंची थेट छतापर्यंत. आणि पूर्ण रिकामा! झाडूसुद्धा नाही. इतक्या गच्च घरात एवढी जागा ओस — गोदामातल्या माणसाला वेड लागायचं.

चाकांची उंच मांडणी करून घ्यायची. सहा खण. ओढली की बाहेर, ढकलली की आत. माझी अर्धी खोकी तिथेच संपतील.

कोपरा पुसायला गेले तर पुसण्यासारखं काही नव्हतंच. फरशी लख्ख. फक्त भिंतीवर, माझ्या कमरेच्या जरा वर, एक तेलकट डाग. रोज डोकं टेकून टेकून पडतो तसा. घासला. फिका झाला, गेला नाही.

मावशीला सांगितलं. ती चहाचं आधण ठेवत होती. म्हणाली, "तो कोपरा सोडून काय हवं ते कर."

"का गं?"

"तिथे ती उभी असते." आणि त्याच दमात, "साखर एक चमचा ना तुला?"

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ताईला फोन केला. माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी, प्रत्येक गोष्टीवर उत्तर तयार. "अगं, डोळे गेलेल्या माणसांना भास होतात. आणि वय काय तिचं? शहात्तर. एकटी राहून राहून माणूस सोबत तयार करतं." बरोबर असेल. शेवटी मात्र म्हणाली, "कोपरा म्हणजे... दारामागचा?"

"तू कधी आलीयस इथे?"

"मी? नाही. म्हणजे लहानपणी. ठेवते गं, दूध उतू जातंय."

दुपारी मावशीलाच विचारलं, "कोण ती?" ती बटणं चाचपत बसली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सुताराला सांगून आले. मंगळवारी बसवतो म्हणाला.

मावशी अकरा ते एक गॅलरीत रेडिओ ऐकते, तेव्हाच काम उरकून घ्यायचं. तिला सांगितलंय की बाहेरच्या खोलीत मांडणी बसतेय. आंधळ्या माणसाशी खोटं बोलणं फार सोपं असतं. सोपं आहे म्हणूनच आज दिवसभर तोंड कडू.

पण मीही किती दिवस चादरीखालच्या खोक्यांसारखं राहायचं? मलाही कुठेतरी लागायचंय. जे माणूस नाहीच त्याला अठरा इंच, आणि मी? मी बाहेरच्या खोलीत!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बसली. पण सहजासहजी नाही.

सुतार जाणता माणूस. कोपरा मोजला — अठरा. मांडणी मोजली — साडेसतरा. आत ढकलली तर जाईना! परत मोजलं. अठरा. परत ढकलली. अर्ध्यावर अडली, पण लाकडावर लाकूड अडतं तशी नाही. तो म्हणाला, "उशी असल्यासारखं दाबलं जातंय बाई." दिव्याने आत पाहिलं. काही नाही. "भिंत फुगली असेल." रंधा मारून अर्धा इंच काढला, खांदा लावला, आणि मग एकदम गेली. इतकी एकदम की तो भिंतीवर आपटता आपटता राहिला.

हात धुताना म्हणाला, "खालच्या तीन खणांच्या कडा गोल करून दिल्यात."

"मी सांगितलं नव्हतं."

"पोराचं डोकं लागायला नको."

"पोर नाहीये इथे कुणी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "बरं," म्हणाला आणि हत्यारांची पिशवी उचलली. चहाला थांबला नाही.

पाच खोकी रिकामी झाली! खाली जड डबे, मधे पिठं, वर हलकं. बघत राहावंसं वाटतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मावशीला कळलं. कळणारच होतं. पाणी प्यायला आत आली, दारापाशी थांबली, मान कलती केली. मग हात पुढे करत सरळ मांडणीपाशी गेली. एकेक खण चाचपला. वरून खाली, खालून वर.

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आता ती कुठे उभी राहील गं?"

एवढंच. जेवली नाही धड.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

खालच्या तीन खणांतले सगळे डबे एक इंच बाहेर आलेत. वरच्या तीनमधले जागच्या जागी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

परत तसंच. आत ढकलले, दुपारी पाहिलं तर बाहेर. खणाच्या कडेवर येऊन थांबलेले. मागून कुणी पाठ टेकवावी तसे.

उतार असेल म्हणून गोटी ठेवून पाहिली. गोटी घरंगळली खरी, पण आत. भिंतीकडे. म्हणजे डबे सरकले तर आत सरकायला हवेत!

गोदामात असं झालं असतं तर मी खालच्या माणसांवर ओरडले असते. इथे कुणावर ओरडू?

शनिवार, १५ नोव्हेंबर

मावशी बोळातून सरळ चालत नाही. स्वयंपाकघर ते न्हाणीघर आठ पावलं, बारा वर्षं ती भिंतीला हात न लावता जाते. कालपासून मध्यावर येते, थांबते, अंग चोरून बाजूने जाते. आज बोललीही — "सरक गं जरा. जाऊ दे मला." अगदी मायेने. जसं पायात घुटमळणाऱ्या पोराला म्हणावं.

"मावशी, तिथे कुणी नाही."

"तुला नाही ऐकू येत? रडून रडून झाल्यावर श्वास कसा अडखळत येतो, तसा."

मी कान दिला. फ्रीजची घरघर. दुसरं काही नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज दोन्ही हातांत ताटं घेऊन बोळातून जात होते. मध्यावर आले आणि अंग चोरून बाजूने गेले.

ताटं टेबलावर ठेवल्यावर लक्षात आलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मावशी पडली. माझ्यामुळे पडली.

सकाळी नऊची वेळ. मी ओट्यापाशी होते. ती बोळातून येत होती, दारापाशी आली आणि एकदम डावीकडे झुकली — समोर कुणी आल्यावर आपण झुकतो तशी. डावीकडे दाराची चौकट. कपाळ फुटलं. आवाज अजून कानात आहे.

समोरच्या काकूंनी गाडी काढली. चार टाके. डॉक्टर म्हणाले, हाड वाचलं. टाके घालताना तिने हू की चू केलं नाही. नंतर गाडीत हळूच म्हणाली, "तिला लागलं तर नाही ना? दारातच उभी होती. चुकवायला गेले."

काकू आरशातून माझ्याकडे बघत होत्या. मी खिडकीबाहेर पाहिलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सगळं लिहून ठेवते. शब्द विसरायच्या आत.

टाके ओढत होते म्हणून मावशी उशीला टेकून बसली होती. मी खुर्ची ओढली आणि विचारलं. रागानेच विचारलं. "आज सांगायचंच. कोण आहे ती? कोण मेलंय तिथे?"

"मेलं कुणी नाही."

"मग?"

"तूच गं ती."

मला वाटलं डोक्याला मार लागल्यामुळे बरळतेय. पण तिचा आवाज ऑपरेटरसारखा होता, सपाट, एकेक शब्द सुटा.

म्हणाली, तू चार वर्षांची होतीस. तुझ्या आईचं मन बरं नव्हतं. अंथरुणातून उठायची नाही, तुझ्याकडे बघायची नाही. तुझ्या वडिलांनी मोठीला जवळ ठेवलं आणि तुला माझ्याकडे आणून सोडलं. पंधरा दिवस म्हणाले होते, सात महिने राहिलीस. मला मूलबाळ नाही, लग्न नाही. सात महिने मी तुझी आई होते. कामावर जाताना तुला समोरच्यांकडे ठेवायची, आले की तू जिन्यात उभी. मला 'माऊ' म्हणायचीस.

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

मग एक दिवस, म्हणाली, दुपारी तुझी आई आली. एकटी. मी खिडकीतून तिला फाटकातून येताना पाहिलं. तेव्हा दिसत होतं मला. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. तुला उचललं, त्या कोपऱ्यात उभं केलं, दार उघडून तुझ्यापुढे आड केलं. म्हटलं, मी 'ये' म्हणेपर्यंत हलायचं नाही, आवाज करायचा नाही. तू मान डोलावलीस. खेळ वाटला तुला.

"आणि आईला काय सांगितलंस?"

"समोरच्यांबरोबर बाहेर गेलीय म्हटलं. बसली थोडा वेळ. मग म्हणाली, असू दे. गेली. मी दाराशी बसून राहिले. परत वळून येईल म्हणून रस्त्याकडे डोळे लावून. एक तास, दोन तास. आणि पोरी, तू आत उभी आहेस हे..." इथे तिचा आवाज फुटला. "विसरले. घाबरले होते गं, पण विसरलेच."

संध्याकाळी वडील आले. मावशीला त्यांच्याशी खोटं बोलायचा धीर झाला नाही. ते आत गेले, दार ओढलं. मी तिथेच, चार तास झाले तरी. हलले नव्हते. खाली फरशी ओली झाली होती. त्यांनी मला लाकडासारखं उचललं आणि नेलं. मावशीला एक शब्द बोलले नाहीत.

"ते तुला घेऊन गेले, पण मी 'ये' म्हटलंच नाही. सांगितलं होतं ना तुला, मी म्हणेपर्यंत हलायचं नाही. फार गुणी पोर होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेले तर श्वास ऐकू आला. सदतीस वर्षं झाली. तेव्हापासून तिथेच आहे."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ताईला म्हटलं, "खरं सांग."

 मग सगळं बाहेर आलं. "तुला कुणी सांगायचं नाही असं बाबांनी बजावलं होतं. तेरा वर्षांची होते मी. बाबांनी तुला आणलं तेव्हा तू फळीसारखी ताठ. बसवलं तर परत उभी. बसमध्येसुद्धा उभी होतीस म्हणे. महिनाभर तू भिंतीला पाठ लावून उभ्याने झोपायचीस. मग हळूहळू बसायला लागलीस. बोलायला वर्ष गेलं."

"आणि आई?"

"आई तर तुला माहितीच आहे. आई म्हणजे... आई होती."

हो. आई म्हणजे आई होती. शेवटची दोन वर्षं मीच केलं तिचं सगळं, औषधं, अंघोळ, भरवणं. माझा हात धरला की लगेच सोडायची. मला वाटायचं, स्वभाव. ती जाऊनही आता सहा वर्षं झाली.

माझं लग्न कसं मोडलं ते इथे कधी लिहिलं नाही. नवरा वाईट नव्हता. शेवटी शेवटी एवढंच म्हणायचा — "तू घरात असतेस, पण असतेस कुठे?" भांडणात म्हणायचा, म्हणून मी कधी उत्तर शोधलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सुतार येऊन मांडणी घेऊन गेला. का म्हणून विचारलं नाही. ओढली तर अलगद बाहेर आली, एका हाताने. त्याने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि चप्पल घालायच्या आधी दोन पावलं मागे मागे गेला.

पाच खोक्यांचं सामान परत जमिनीवर. असू दे.

मावशी दारात उभी राहून ऐकत होती. चेहरा सैलावला. "आली परत जागेवर." तिथे जाऊन फरशी पुसली. स्वतः, गुडघ्यांवर बसून, टाके असताना. आता कळलं ती फरशी का पुसते.

मी म्हटलं, "मावशी, तिला सांग की आता. 'ये' म्हण."

ती पुसायची थांबली. "आणि गेली तर?"

"जाऊ दे की! चार वर्षांचं पोर ते. सदतीस वर्षं उभंय!"

"माझं दुसरं कोण आहे गं?"

"मी आहे ना. मीच ती."

"तू मोठी झालीस," मावशी म्हणाली. "ती नाही झाली."

तिच्या हातातलं फडकं घेऊन पिळलं, वाळत घातलं. 

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी चहा झाल्यावर मावशी उठली. केस विंचरले, धुतलेले कपडे घातले. मला म्हणाली, "तू बोळात थांब. तू जवळ असलीस की दोन श्वास ऐकू येतात, माझा गोंधळ उडतो."

मी बोळात थांबले. डोळे मिटून घेतले, का कोण जाणे.

बराच वेळ काही नाही. मग दाराचा आवाज — भिंतीपासून ओढून घेतल्याचा. आणि तिचा आवाज. इतका तरुण आवाज मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"ये गं बाळा. गेली सगळी. ये. माझं चुकलं. ये आता."

माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या. टाचांपासून गुडघ्यांपर्यंत. तासन्‌तास उभं राहून मग हललं की येतात तशा, सणसणून. उभं राहवेना. खाली बसले, फरशीवरच. आणि रडले. नवऱ्याचं घर सोडताना रडले नव्हते, आई गेली तेव्हा रडले नव्हते.

मावशी चाचपत बोळात आली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग केसांवरून, चेहऱ्यावरून, जसे डबे चाचपते तसा. "तिथे कुणी नाही आता," म्हणाली. "तुझ्याकडे आली का गं?"

"माहीत नाही, माऊ."

'माऊ' तोंडातून कसं आलं ते मलाही कळलं नाही. तिला मात्र कळलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दोन दिवस नुसतं काम! हात थांबत नाहीत.

एक कुकर, तीन किसण्या आणि बिनडब्यांची चोवीस झाकणं घराबाहेर. सात गोल डबे समोरच्या काकूंना. मावशीने स्वतः निवडून दिले, एकेकाला थोपटून. ("हा जरा चेपलाय, पण पिठाला चांगला.") कपाटाच्या दारांना आतून आकडे लावले, त्यावर झारे, डाव, गाळण्या. ताटं उभी. डाळी एकावर एक, रबरबँडच्या क्रमाने. ओट्यावर आता दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून काम करू शकतो. खोकी संपली. चादर धुतली.

कोपऱ्यात एक स्टूल ठेवलंय. मावशीच म्हणाली, तिथे बसून शेंगा सोलीन. दुपारी बसली होती. पाठ भिंतीला, पाय पसरून. काहीतरी गुणगुणत होती.

बोळातून सरळ चालते. मीही.

विचारलं, "माऊ, रविवारी रजा संपते. कामावरून परत इथेच येऊ?" तर म्हणाली, "नाहीतर कुठे जाशील? तुझ्या मिठाचं झाकण मला पाठ झालं आता."

रात्रीची झोप अशी कधी लागली नव्हती मला. आडवी झाले की सकाळच.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आठवलं.

स्टुलाखाली पडलेली शेंग घ्यायला वाकले, गुडघे टेकले, तेवढ्या उंचीवरून दाराच्या फटीतून ओट्याकडे पाहिलं — आणि आठवलं.

त्या दिवशी आई पाणी प्यायला आत आली होती. मावशी बाहेरच्या खोलीत होती. आईने पेला भरला, वळली, आणि फटीतून मला पाहिलं. सरळ डोळ्यांत पाहिलं. मी हलणार होते. आईने ओठांवर बोट ठेवलं, मान नकारार्थी हलवली, पाणी पूर्ण प्यायली, पेला धुऊन पालथा घातला आणि बाहेर जाऊन म्हणाली, "असू दे."

मावशीला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतंय, मला तिने एकटीनेच लपवलं.

मावशीने तिचं 'ये' म्हटलं. आई तर तिचं 'ये' न म्हणताच गेली.

मी गुडघ्यांवरच आहे अजून, वही स्टुलावर ठेवून लिहितेय. ओट्यापाशी मावशीने गुणगुणणं थांबवलंय. मान कलती करून कान दिलाय तिने. इकडे, कोपऱ्याकडे.